डावं बटण

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. हे ऐकीव नाही, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. गेल्याच महिन्यात, आमच्या डब्यांची झाकणं बनवायच्या कारखान्यात.

भुतं म्हणे रात्री येतात. आमचं भर दुपारी ड्युटीवर आलं.

माझा दादा तिथे प्रेसवर होता. मी समोरच पॅकिंगला. त्या प्रेसला दोन बटणं, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही हातांनी एकदम दाबली, तरच वरचा जड ठोकळा खाली येतो. म्हणजे हात मध्ये सापडत नाहीत.

पण काम भरभर उरकावं म्हणून फोरमनने उजवं बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं.

दादाचा उजवा हात गेला.

त्याने भरपाई मागितली. तोवर फोरमनने पट्टी काढून टाकली होती. वर मालकाला सांगितलं, "दारू पिऊन आला होता." माझ्या दादाने आयुष्यात थेंब तोंडाला लावला नाही! पण मालकाला निमित्तच हवं होतं. दादाला कामावरून हाकललं. पोटावर पाय, वर बदनामी. त्याने हाय खाल्ली, जखम चिघळली आणि तो गेला.

वहिनी रडत होती. मी रडले नाही. रोज फोरमनकडे बघून मनात म्हणायचे, दादा, सोडू नकोस याला.

आणि त्या दुपारी...

जेवणाची सुट्टी झाली होती. सगळी मशीनं गप्प. मी डबा घ्यायला आत आले. प्रेसमध्ये पत्रा अडकला होता आणि फोरमन वाकून तो ओढत होता. मेन स्विच चालूच. सगळेच असं करतात. उजवं कोपर त्याने उजव्या बटणावर टेकवलं होतं. एका बटणाने काय होतंय?

डावीकडे कुणीच नव्हतं...

तरी डावं बटण हळूच आत गेलं.

टक्.

त्याची किंकाळी फाटकापर्यंत गेली.

दादाला एकच हात उरला होता. तेवढा पुरला.

मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू?

मेकॅनिकला मशीनमध्ये काही सापडलं नाही. फोरमनने भरपाई मागितली, तर "दोन्ही बटणं तूच दाबलीस" म्हणून मालकाने त्यालाही हाकललं. मग तो आमच्या दारात आला, हाताला बँडेज.

"ताई, तू समोर होतीस. डावं बटण मी दाबलं नाही, एवढं सांग ना."

"सांगते. आधी तू पट्टीचं सांग. वहिनीसमोर, मग कामगार ऑफिसात." त्याला अरे-तुरे मी पहिल्यांदाच केलं. फार बरं वाटलं.

त्याने सगळं कबूल केलं. दादाच्या भरपाईची केस उभी राहिली.

आज मालकाने मला बोलावलं. मला काढलं तर अंगाशी येईल, हे त्याला कळतं. गोड हसून म्हणाला, "भावाचा एवढा पुळका ना? मग उद्यापासून त्याच्याच प्रेसवर बस."

वहिनी म्हणते, "अगं, सख्खी बहीण तू. तुला काय करणारेत ते?"

कारखान्यातून निघताना मी प्रेसपाशी थांबले. हळूच म्हणाले, "दादा, मी आहे."

मेन स्विच बंद होता...

डावं बटण आत गेलं.

त्याने मला ओळखलं, की कुणीतरी आलंय एवढंच त्याला कळलं?

सकाळी माझी ड्युटी आहे.