बर्फातला तेरावा माणूस

मेणबत्ती जरा इकडे सरकवा आणि ते दार लावून घ्या. मधेच कोणी हसायचं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो योस माझा शेजारी, आणि ज्या फळीवरून सगळं झालं ती ओकची फळी मी माझ्या हाताने रंधलेली. तेव्हा उगाच फाटे फोडू नका.

योसचा धंदा तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या अँटवर्पात डोंगर, झाडं, गोठलेली तळी रंगवणारे वेगळे आणि त्यांत माणसं भरणारे वेगळे. योस माणसं भरतो. बोटाच्या पेराएवढी, पण चालीवरून ओळखू यावीत अशी. थंडीत बाहेर बसून रेखाटायचा त्याला भारी कंटाळा. म्हणून घरचीच माणसं कागदावर उतरवून ठेवायची आणि फिरून फिरून तीच वापरायची, ही त्याची खोड. त्या हिवाळ्यात त्याने बहिणीच्या नवऱ्याला, वाउटरला, पाठीवर मोळी देऊन बर्फात उभं केलं होतं. चित्र बघून वाउटर म्हणाला होता, "मेव्हणे, मोळी तरी हलकी द्यायचीत. घरीही मीच वाहायची आणि इथेही मीच?"

तर गोष्ट पाच जानेवारीची, तीन राजांच्या सणाच्या आदल्या रात्रीची. गेल्या साली नदी गोठून लोक तिच्यावर दुकानं मांडून बसले होते, तेव्हाची. त्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक, एक साखरेचा व्यापारी, योसच्या घरी आला आणि चित्रातली माणसं मोजू लागला. भरली तेरा. दुसऱ्या दिवशी त्याच्या गावाकडच्या घरी सणाची पंगत, आणि समोर भिंतीवर तेरा जण. तेरा म्हणजे अपशकुन, त्याला ते मुळीच चालेना. एक काढून टाका, म्हणाला, कोणताही, आणि उद्या सकाळी चित्र पोचतं करा.

बाकीचे बारा एकमेकांना खेटून उभे होते. एकाला काढावं तर दुसऱ्याचा हात जायचा. वाउटर तेवढा एकटा. शिवाय चित्रातला बर्फ म्हणजे फळीवरचा खडू-सरसाचा पांढरा लेपच, तो पातळ रंगाखालून दिसत असतो. माणूस खरवडला की खाली बर्फ तयार. दुपारी बाराच्या घंटा वाजत असताना योसने सुरी घेतली आणि वाउटरला खरवडून काढलं. हे लोक आधी पावलांचे ठसे रंगवतात, मग माणूस. घाईत ते ठसे पुसायचे राहिले. कोण बघतंय एवढं, असं म्हणून त्याने फळी घोंगडीत गुंडाळली.

ऐन वेळी व्यापाऱ्याला आणखी काही सुचलं तर असावेत म्हणून चार रंग आणि दोन कुंचले सोबत घेतले. बहिणीचं गाव वाटेवरच होतं. रात्र तिच्याकडे काढायची, सणाचा गोड पाव खायचा आणि सकाळी पुढे जायचं, असा बेत. तो पोचला तेव्हा अंधार पडला होता.

बहीण मायकेन शाल लपेटून दारातच उभी होती. आत तिन्ही पोरं एका पलंगावर गप्प बसलेली. वाउटर सकाळी लाकडं आणायला गेला होता, तो अजून परतला नव्हता. शेजारच्या लाँबर्टने त्याला शेतातून येताना पाहिलं होतं. बाराच्या घंटेला लाँबर्ट बुटाची नाडी बांधायला वाकला. वर बघतो तर शेत मोकळं.

बाराच्या घंटेलाच योसने सुरी चालवली होती.

कंदील घेऊन तो आणि लाँबर्ट शेतात गेले. दिवसभर बर्फ पडला नव्हता, त्यामुळे ठसे स्वच्छ होते. राईतून निघालेले, ओझ्याने खोल रुतलेले, डावं पाऊल जरा बाहेर फेकलेलं. शेताच्या मध्यावर ते गोल वळसा घेत होते, जसं काही मधे एखादं खोड आडवं यावं. खोड तिथे नव्हतं. कधीच नव्हतं. पुढे सात पावलं… आणि मग काही नाही. नुसतं पांढरं.

लाँबर्टने छातीवर क्रूस काढला आणि म्हणाला, "मी घरी जातो, योस. तूही चल." तो मागे न बघता चालू लागला.

योस तिथेच उभा राहिला. ते खोड कुठे आहे, हे त्याला माहीत होतं. पाठीवर बांधून आणलेल्या फळीवर होतं.

घरी येऊन त्याने घोंगडी सोडली. मायकेनने मेणबत्ती धरली. खोड. खोडाला वळसा. सात पावलं. मग खरवडलेली जागा.

आणि त्या जागेच्या पुढे… आणखी दोन पावलं.

ती त्याने रंगवली नव्हती.

"हे काय आहे, योस?" मायकेनने विचारलं. तेव्हा त्याने सगळं सांगितलं. तेरा जण, सुरी, बाराच्या घंटा. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "पुढे काय आहे तिथे?"

पुढे तळं होतं. तळ्याच्या बर्फात, पाणी काढायला पाडलेलं काळं भोक. डोंगर-झाडं रंगवणाऱ्याने ते मोठ्या हौसेने घातलं होतं.

दोघं बघत राहिली. मेणबत्ती जराशी फडफडली… स्थिर झाली.

तिसरं पाऊल होतं.

"अरे, बघतोस काय? काढ त्याला," मायकेन म्हणाली.

"ताई, कागद घरी राहिलाय. दाजींचं चित्र त्याच्यावर…"

"मी सांगते ना. काढ."

त्याने रंग कालवला. चौथं पाऊल पडलं. आता शेत संपून तळं लागत होतं.

"टोपी?"

"तपकिरी. कानांवर ओढलेली."

"अंगरखा?"

"निळा. कोपराला ठिगळ आहे, राखाडी. उजवा खांदा खाली ठेवतो तो, ओझं असलं की."

पाचवं पाऊल… तळ्यावर.

भोकापासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर योसने कुंचला टेकवला. टोपी. खांदा. ठिगळ. मोळी. आणि तोंड घराकडे वळवलेलं. डोळे काढायला कुंचला जाड होता. दोन ठिपके दिले.

मग दोघं थांबली.



बराच वेळ.

बाहेर काहीतरी धप्पकन पडलं. मोळी. आणि दारावर थाप.

वाउटर होता. दाढीवर बर्फ, अंगावर तोच निळा अंगरखा. तो चुलीपाशी बसला आणि कितीतरी वेळ हात शेकत राहिला. मग म्हणाला, "तिथे दुपारच होती. सरतच नव्हती. वर एक कावळा उडत होता, पण पुढे जात नव्हता." मायकेनने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि मग मात्र ती रडली, इतकी की पोरंही रडायला लागली. योस सांगतो, त्या रात्रीइतका आनंद त्याला जन्मात झाला नाही.

व्यापाऱ्याला योसने फळी तडकल्याची थाप मारली. चित्र मायकेनच्या पलंगामागच्या भिंतीवर टांगलंय. तिथे कोणी बोटही लावत नाही.

आता वर्ष झालं. वाउटर लाकडं फोडतो, पाव खातो, पोरांना खांद्यावर घेतो. योसने एकदा बहिणीला काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "घरी आलाय तो. मी काही विचारत नाही. तूही विचारू नकोस."

मागच्या रविवारी मी त्यांच्या गावी गेलो होतो. चर्च सुटलं तेव्हा थंडी मी म्हणत होती. जो तो बोलताना तोंडातून वाफ सोडत होता. पाद्रीबाबा, लाँबर्ट, मी, बांधलेला घोडासुद्धा. वाउटर माझ्याशी लाकडाबद्दल चांगला पाव तास बोलला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तोंडापुढे काहीच नव्हतं… नुसती स्वच्छ हवा.

तेवढ्यात त्याची धाकटी पोर आली आणि गारठलेली बोटं तिने बापापुढे धरली. त्याने वाकून, तोंड अगदी जवळ नेऊन त्यांच्यावर श्वास सोडला. पोरीने बोटं तशीच धरून ठेवली. थोडी वाट पाहिली. मग ती आईकडे गेली आणि हात तिच्या शालीत घातले.