थोडक्यात हुकलेला हातोडा

“अहो, मागे व्हा!”

कुणीतरी दंड धरून तिला खसकन ओढलं, आणि परांचीवरून निसटलेला हातोडा ती उभी होती त्याच फरशीवर आदळला. जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या घुमटाची डागडुजी चालू होती, आणि खाली, बंद ठेवलेल्या वाचनकक्षात, आमची ग्रंथपाल बाई पुस्तक छातीशी कवटाळून त्या फरशीकडे बघत होती.

ओढणारा होता कामावरचा सुरक्षा अधिकारी. गवंडी त्याच्या माघारी त्याला ‘हेल्मेट’ म्हणत.

“लागलं का?”

“नाही...”

“दारावरची पिवळी पट्टी कुणी काढली?”

“मीच. एका वाचकाला पुस्तक हवं होतं. दोन मिनिटांचं तर काम—”

“हातोडा मिनिटं मोजत नाही, बाई!”

बोलणं कडक, पण तिचा दंड अजून त्याच्या हातात होता. तो सोडायचं त्याला भान नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिलाही घाई नव्हती.

“हे उद्या सांगावं लागेल,” तो म्हणाला.

रोज सकाळी सगळे अंगणात जमत. आदल्या दिवशी थोडक्यात हुकलेला अपघात कारणासकट, सगळ्यांसमोर सांगायचा आणि मगच शिडी चढायची, असा तिथला नियम. अंगणात मुख्य ग्रंथपाल सरही असत, आणि तिला नोकरीत कायम करायचं की नाही, हे ते याच आठवड्यात ठरवणार होते.

“मला साधं खरचटलंही नाही! जे झालंच नाही, ते कशाला सांगायचं?”

“झालं नाही म्हणूनच सांगायचं. झाल्यावर... सांगून काय उपयोग?”

“दगड आहात तुम्ही!” ती म्हणाली आणि तरातरा निघून गेली.

जेवताना तिने आईपुढे तक्रारींचा पाढा वाचला. तो असा, तो तसा, तो माझी नोकरी घालवणार!

“बरं. डोळे कसे आहेत त्याचे?” आईने विचारलं.

“तपकि... आई!”

आई हसली. “हे बघ, आज तुझ्यासाठी खोटं बोलला असता, तर उद्या तुझ्याशीही बोलला असता.”

आईचं म्हणणं खरं होतं, हाच तर राग होता.

सकाळी अंगणात ती सगळ्यांच्या मागे उभी राहिली. तो पुढे आला.

“काल हातोडा पडला. दोरीने बांधलेला नव्हता. प्रत्येकाची दोरी तपासणं माझं काम. एकाची राहिली.”

“कारण?” मुकादमकाकांनी विचारलं. नियम म्हणजे नियम.

“लक्ष... दुसरीकडे होतं.”

“कुठे?”

“फाटकाकडे.” तो कानापर्यंत लाल झाला. “ग्रंथपाल बाई येत होत्या. रोजच येतात. काल... जरा जास्त वेळ पाहत राहिलो.”

अंगणभर खसखस पिकली. “आणि खाली पट्टी—” तो पुढे बोलू लागला, तोच ती पुढे सरसावली.

“पट्टी मी काढली होती. वाटलं, मला कुठे काय होतंय!”

हशा विरला. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“लपवलं असतंत, तर या इमारतीत तुम्हाला ठेवलं नसतं,” ते तिला म्हणाले. “त्या वाचनकक्षातली पुस्तकं आजच बाहेर काढा. उद्यापासून तुम्ही इथे कायम. आणि बाई... पट्टी पुन्हा काढायची नाही.”

हुश्श! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि शेजारी तोही मोठ्ठा श्वास सोडताना तिला दिसला.

दुपारी दोघं मिळून पुस्तकं बाहेर काढत होते. धुळीने तिला शिंका येत होत्या, आणि तो मात्र एकच गठ्ठा हातात घेऊन केव्हाचा उभा होता.

“सगळ्यांना सांगून झालं,” तो म्हणाला. “तुम्हाला मात्र सांगायचं राहिलं. आवडता तुम्ही मला. फार. काल तुम्हाला काही झालं असतं, तर... मला रात्रभर झोप नाही.”

तिने त्याच्या हातातला गठ्ठा काढून खाली ठेवला आणि तोच हात आपल्या हातात घेतला.

“काही झालं नाही ना? ही काय मी... धडधाकट, तुमच्यासमोर,” ती म्हणाली. “आणि तुमची हरकत नसेल, तर इथेच राहणार आहे. तुमच्याजवळ.”