दम घे म्हणावं

पहिलवान शिवरुद्र जिंकला असता तर व्यंकटराव देशमुखांच्या पदरात काय पडलं असतं, ते आधी मोजून घेऊ. कारण त्यांनीही ते आधीच मोजून ठेवलं होतं. महाशिवरात्रीच्या जत्रेला जिल्ह्याचे तालुकदार साहेब येणार होते. ज्याचा पहिलवान शेवटची कुस्ती मारील, तो साहेबांच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर बसणार. गेली दोन वर्षं त्या खुर्चीवर पाथरीकडचा एक जमीनदार ऐसपैस बसला होता आणि व्यंकटरावांनी तंबूच्या खांबाआडून मान वाकडी करून कुस्ती पाहिली होती. ती मान अजून सरळ झाली नाही, असं गावात म्हणत. खुर्ची मिळाली की सरकारी धान्याच्या लेव्हीचे कारकून देशमुखांच्या दारावरून आवाज न करता जाणार, पाथरीकरांचं नाक कापलं जाणार, मानही सरळ होणार. या सगळ्याला भांडवल एकच लागणार होतं. एक अंग. तेही दुसऱ्याचं.

शिवरुद्रला मिळणार होती चंद्रप्पा दुकानदाराची निलम्मा. ती या सौद्यात शिरली चुडाव्याच्या फलाटावर.

कार्तिकातली सकाळ होती. बापलेक पूर्णेच्या बाजारातून माल घेऊन उतरले, गाडीनं शिट्टी दिली, आणि निलम्मा ओरडली, "अगं बाई, माझा चंबू!" पितळी चंबू खिडकीतच राहिला होता. तेवढ्यात फलाटाच्या कडेनं एक उघडाबंब माणूस गाडीच्या बरोबरीनं पळताना दिसला. आतल्या कुण्या बाईनं चंबू खिडकीबाहेर धरला, त्यानं तो पळता पळताच घेतला आणि धापा टाकत परत आला.

"घ्या. नांदेडला निघाला होता तुमचा चंबू."

"त्याला हौस हाय फिरायची. तुमी कामून पळायलाय गाडीसंगं? तिकीट न्हाई काढलं?"

"गाडीला हरवायचं हाय."

"मग... हरली?"

"सिग्नलपोतर हरती. पुढं तिला राग येतो."

निलम्मा हसली. हसू आवरायला पदर तोंडाशी नेला, पण डोळे उघडेच राहिले आणि तेवढं पुरलं. तिनं चंबू पुढं केला. "पाणी तर प्या." त्यानं तोंड भरून घोट घेतला, तिच्याकडं बघत क्षणभर तसाच धरला – आणि बाजूला थुंकून टाकला.

"मनाई हाय. मेहनतीत पाणी प्यालं की अंग सुटतं म्हणतेत देशमुख."

"आन न्हाई प्यालं तर?"

"तर माणूस... असा बघत ऱ्हातो."

मागून चंद्रप्पा खाकरला. दुकानदाराचं खाकरणं ते. भाव पुरे झाला, आता माल झाका.

त्या हिवाळ्यात शिवरुद्रला खारकांची फार गरज पडू लागली. दुकानात खारका मागायच्या आणि नजर आतल्या दाराकडं. चंद्रप्पानं एकदा सरळच विचारलं, "पहिलवान, खारका हितं हायत. तिकडं काय दिसायलंय?" पण पोरगा जातीतला, निर्व्यसनी, अंगानं देखणा, आईबाप नाहीत, म्हणजे सासुरवासही नाही. चंद्रप्पानं सगळं तोललं आणि म्हणाला, "जत्रा मार. मंग बोलू. माज्या जावयाला चार गावांत नाव पायजे, दुकानाला बरं असतं."

इथपर्यंत सगळ्यांचंच बरं चाललं होतं. सुगीचे दिवस होते, व्यंकटराव खळ्यावर गुंतलेले. सकाळी मेहनत झाली की शिवरुद्र दुपारभर निंबाखाली झोपायचा, आणि अंग काय भरलं म्हणता! मान आणि खांदा एक झाले. खळी उरकली तसे व्यंकटराव तालमीत येऊन बसले. तरुणपणी त्यांनीही दोनचार कुस्त्या केल्या होत्या. चीत केलं होतं की स्वतःच झाले होते, हे मात्र कुणी विचारत नसे. त्यांनी बैठका दुप्पट केल्या. भर उन्हात आखाड्याच्या हौदातली माती उकरायला लावली. दुपारची झोप बंद, पाणी बंद. पोरगं थकून थांबलं की वरून एकच शब्द: "दम धर!" तालमीतून दिवसभर तेवढंच ऐकू यायचं. दूध घालायला येणारी नागुबाई म्हणायची, माझ्या म्हशीलासुद्धा आता तो शब्द कळतो.

पौषात चंद्रप्पाच्या शेतावर हुरडा होता. बाकीचे आगटीभोवती, निलम्मानं शिवरुद्रच्या ओंजळीत गरम दाणे घातले. दाणे बोटांतून गळायला लागले. हात कापत होते.

"थंडी वाजायली का आमच्या पहिलवानाला?"

"न्हाई गं... असंच होतं आजकाल. झोप न्हाई लागत. आन परवा – परवा काय झालं माहीत हाय का –" तो थांबला. काय सांगायचं होतं ते शोधत राहिला. सापडलं नाही.

निलम्माच्या ओठावरचं हसू तिथंच थिजलं. तिनं इकडंतिकडं बघून त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. माणूस बसलेला, आणि नाडी गाडीमागं पळत होती.

"तुमी वाळलात."

"तू बी तेच सुरू कर!" तो खेकसला. मग स्वतःच दचकला. "आधी समोरच्याचा हात हलायच्या अगुदर कळायचं मला, निले. आता कळतं... पडल्यावर."

"मंग निजा की दोन दिस."

"देशमुख म्हणतेत हाच कस हाय. ह्याच्या पलीकडं गेलो की अंग लोखंड."

"लोखंडासंगं लगीन करायचं न्हाई मला –"

बोलून गेली आणि जीभ चावली. आगटीचा धूर मधे आला, त्यानं दोघांवरही उपकार केले. धूर सरला तेव्हा शिवरुद्र हसत होता, कितीतरी दिवसांनी.

ते हसू आगटीपलीकडून चंद्रप्पानंही पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून निलम्माचं बाहेर जाणं बंद. "जत्रा होऊ दे," म्हणाला. "तवर लोकाच्या तोंडाला काम नको."

माघ लागला, ऊन चढलं. घरात बसून निलम्माला एकच ऐकू यायचं, तालमीतलं ते ओरडणं, आणि मागून येणारा शिवरुद्रचा श्वास. तो ऐकू येत नसला तरी तिला यायचाच. नागुबाई दूध घालायला आली तशी तिनं तिचा हात धरला.

"मावशे, एक निरोप दे त्यांना. दम घे म्हणावं. म्हणावं, निलीनं सांगितलंय, दम घे. जत्रा गेली तर जाऊ दे."

"एवढंच ना? सांगती की."

नागुबाई वाटेत दोन घरी थांबली, म्हशीचं गाऱ्हाणं सांगितलं, तालमीत पोचली तेव्हा वरून व्यंकटराव ओरडतच होते. बाईच्या मनात खोट नव्हती. पण दिवसभर जो शब्द कानात, तोच तोंडात आला.

"निलीचा निरोप हाय रं. दम धर म्हणली."

आता ह्या दोन शब्दांत अंतर केवढं! एकात माणूस खाली बसतो, दुसऱ्यात उभ्यानं झिजतो. शिवरुद्रला वाटलं, बापाला तिनं वळवलंय. एवढे दिवस काढ, मी तुझीच, असं म्हणतेय. व्यंकटरावांना इतके दिवस ओरडून जे जमलं नव्हतं ते त्या एका निरोपानं केलं. त्या दिवशी देशमुख उठून गेल्यावरही तो थांबला नाही. कोरड्या तोंडानं, भर उन्हात, बैठका मारत राहिला. पुढं आठवडाभर तेच. जत्रेच्या आदल्या दिवशी मांड्या सुजून टणक झाल्या आणि लघवी काकवीसारखी काळी उतरली. त्यानं कुणाला सांगितलं नाही. दम धरला होता ना.

जत्रेतली कुस्ती सांगण्यासारखी झालीच नाही. पाथरीच्या पहिलवानानं पंजा धरला आणि तोच चपापला, हळूच म्हणाला, "बरं हाय ना, गड्या?" शिवरुद्रनं डाव टाकायला हात उचलला. हात वर गेला, पण कशासाठी ते त्याला आठवेना. लहानपणापासूनचा डाव, समोर उभा होता आणि ओळख देत नव्हता. पाठ मातीला लागली. हलगी थांबायच्या आत व्यंकटराव तंबूतून निघून गेले. पोरगा उठतो का, हे पाहायलासुद्धा मान वळवली नाही.

तो उठला नाही. तालमीच्या ओसरीवर आणून टाकला. अंग सुजलं, ओकाऱ्या सुरू झाल्या, लघवी बंदच पडली. आता लोक घोटाघोटानं पाणी पाजत होते आणि पाणी पोटात ठरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी चंद्रप्पा दुकानाच्या दारात बराच वेळ उभा राहिला, मग आत वळून म्हणाला, "जा. बघून ये." आवाजात कुठलाच भाव नव्हता.

नागुबाई उशाशी वाटी घेऊन बसली होती. निलम्मा जवळ बसली. शिवरुद्रनं डोळे उघडले, ओळखलं.

"हरलो, निले... पण तू म्हणलीस तसं केलं म्या. दम धर म्हणलीस ना? धरला."

निलम्मानं नागुबाईकडं पाहिलं. नागुबाई भाबडेपणानं मान हलवत होती – व्हय, सांगितला बरं का म्या, अगदी त्याच दिशी.

एका शब्दानं निलम्मा मोकळी झाली असती. 'धर न्हाई, घे म्हणले होते.' मग त्यानं काय घेऊन जायचं? आणि या म्हातारीनं उरलेले दिवस काय करायचं?

"व्हय," ती म्हणाली. "म्याच म्हणले."

"मंग... धरला ना?"

"लय धरला. असा कुणी धरला नसंल." तिनं त्याचा सुजलेला पंजा दोन्ही हातांत घेतला, लोकांदेखत. "तुमच्यावर जीव हाय माझा. ऐकलं का? आता घ्या. आता दम घ्या, राजा."

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत तो गेला. त्यांच्या जातीच्या रीतीप्रमाणं त्याला खड्ड्यात बसवून माती दिली. कुणीतरी म्हणालं, बिचारं किती दिवसांनी निवांत बसलं.

राहिली बेरीज. व्यंकटरावांना उन्हाळ्यातच दुसरा पहिलवान सापडला. चावडीत ते सांगत, "माझ्या मेहनतीत खोट नव्हती. पोरीनं निरोप धाडून पोराला चढवलं." गावाला ते पटलं, देशमुखांवर ठेवण्यापेक्षा दुकानदाराच्या पोरीवर दोष ठेवणं केव्हाही सोपं. चंद्रप्पाकडं आलेली दोन स्थळं परत गेली, तिसरं गोदावरीपलीकडच्या बिजवराचं आलं, ते त्यानं धरलं.

सासरच्या वाटेला लावायला नागुबाईही आली होती. निलम्माच्या गळ्यात पडून रडली, आणि चार बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरी, तुझा शब्द न शब्द पोचवला होता म्या त्याला."

"व्हय मावशे," निलम्मा म्हणाली. "शब्द न शब्द."

शिवरुद्रनं किंमत जिवानं भरली. देशमुखांनी काही भरलं नाही. नागुबाईच्या वाटणीचं, आणि देशमुखांच्याही, निलम्मानं भरलं. त्यानंतर कितीतरी वर्षं, तोंड मिटून, भरतच राहिली.