टेबलावरचा कान

"पाय जरा मागे घ्या मॅडम... नाहीतर तुमच्या साडीचा काठसुद्धा भिंतीला ठोकून टाकीन."

वृषाली दचकून उठलीच. आवाज तिच्याच टेबलाखालून आला होता! वाकून बघते तर आत एक तरुण मांडी ठोकून बसलेला. हातात हातोडी, गळ्यात वायरचं भेंडोळं, केसांत कोळ्याची जाळी. आणि चेहऱ्यावर असं हसू, जसा काही तो कायम लोकांच्या टेबलाखालीच राहतो.

"तुम्ही कोण?"

"सम्राट."

"आणि तुमचं साम्राज्य टेबलाखाली?"

"टेबलावर तुमचा टाइपरायटर आहे ना... जागा कुठं उरलीय?"

वृषालीला हसू आलं. तिनं ते ओठांतच दाबलं, पण डोळ्यांत उरलंच.

राहात्याच्या पेरू बागायतदार संघाचं ते ऑफिस. पुढं एक लांब खोली, तिला लागून मॅनेजरची केबिन आणि मागं गोडाऊन. डिसेंबर महिना होता, पेरूचा हंगाम ऐन भरात होता. गोडाऊनमधून येणाऱ्या वासानं पत्रांचे कागदसुद्धा पिकल्यासारखे वाटायचे. बी.ए. झाल्यावर वृषाली इथं टायपिस्ट म्हणून लागली होती. शेजारच्या टेबलावर रुपाली आवक-जावक बघायची, आणि चहापासून झाडलोटीपर्यंत सगळं छबूबाईंच्या हातात होतं. तिघींचं असं जमलं होतं, की दुपारचे डबे उघडले म्हणजे कुणाची भाजी कुणाच्या पोळीत गेली याचा पत्ता लागायचा नाही.

तीन महिन्यांपूर्वी कडलग साहेब नवे मॅनेजर म्हणून आले. माणूस वयस्कर, कामाला चोख, बोलायला कमी. केबिनचं दार सदा बंद. ऑफिसात इंटरकॉम बसवायचं त्यांनीच ठरवलं, आणि त्यासाठी श्रीरामपूरहून सम्राट आला होता. त्याच्या मामांचं तिथं इलेक्ट्रिकचं दुकान होतं.

संध्याकाळपर्यंत वृषालीच्या टेबलावर जाळीचं तोंड असलेली एक छोटी पेटी बसली. तशीच एक गोडाऊनमध्ये. आणि केबिनमध्ये बटणांची मोठी पेटी. मग टेस्टिंग सुरू झालं.

"हॅलो, गोडाऊनमधून सम्राट बोलतोय. ऐकू येतंय का?"

"येतंय."

"खरखर?"

"ती तुमच्या आवाजातच आहे."

पेटीतून खळखळून हसणं आलं. पेटीलाही हसता येतं, हे वृषालीला तेव्हाच कळलं.

टेस्टिंग दुसऱ्या दिवशी चाललं, तिसऱ्या दिवशीही चाललं. छबूबाईंनी कपबशा विसळता विसळता विचारलंच, "आवं, यवढ्याशा डब्याला किती दीस तपासायचं? माज्या थोरलीचं लगीन याच्या आदी उराकलं हुतं!"

सम्राट कानापर्यंत लाल झाला. वृषालीनं घाईघाईनं एक पेरू कापला, तिखटमीठ लावलं आणि अर्धा त्याच्यापुढं धरला. घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. दोघांनीही पेरूकडंच बघितलं... जणू असा पेरू राहात्यात आधी कधी पिकलाच नव्हता.

निघताना तो म्हणाला, "पंधरा दिवसांनी परत येईन. यंत्र बघायला."

"यंत्रच ना?"

"यंत्र तुमच्या टेबलावर आहे... त्याला मी काय करणार?"

ते पंधरा दिवस वृषाली अक्षरं चुकवत राहिली.

पण त्याच दिवसांत ऑफिसची हवा बिघडली.

झालं असं. एका दुपारी डबा खाताना रुपाली हळूच म्हणाली, "नाशिकच्या एका कंपनीत अर्ज टाकलाय गं. अजून कुणाला बोलू नको." छबूबाई त्या दिवशी लेकीकडं गेल्या होत्या. ऐकायला एकटी वृषालीच होती. दुसऱ्या सकाळी कडलग साहेबांनी रुपालीला केबिनमध्ये बोलावलं. "नाशिकला जायचं असेल तर आधी सांगा. हंगामात मला दुसरं माणूस बघावं लागेल."

रुपाली बाहेर आली ती डोळे भरूनच.

"वृषे, तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं."

"अगं, मी कशाला सांगू?"

"ते तूच जाण."

बस्स. त्या दिवसापासून रुपालीचा डबा तिच्या टेबलावर आणि वृषालीचा तिच्या. मधल्या मोकळ्या बाकावर छबूबाई एकट्याच बसायच्या. "आता मी कुनाकडं त्वांड करून जेवू?" असं पुटपुटत अर्धी भाकरी तशीच ठेवायच्या. वृषालीला घास गिळवेना. चोरी न करता चोर ठरणं म्हणजे काय, ते तिला पहिल्यांदाच कळत होतं.

मग एका सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली. साहेबांचं पत्र टाइप करता करता वैतागून स्वतःशीच म्हणाली, "सविनय, सविनय, सविनय! या साहेबांना दुसरा शब्द सापडत नाही का?" खोलीत चिटपाखरू नव्हतं. केबिनचं दार मात्र बंद होतं.

दुपारी साहेबांनी नवा मजकूर दिला. चष्म्यावरून बघत म्हणाले, "यात 'सविनय' घातलेलं नाही. चालेल ना?"

वृषालीनं कागद घेतला. ती परत येऊन बसली आणि टेबलावरच्या पेटीकडं बघत राहिली. पेटी गप्प होती. पण गप्प असणं वेगळं आणि बहिरं असणं वेगळं.

ठरल्या दिवशी सम्राट आला. नवा शर्ट, केस नीट विंचरलेले. वृषालीनं त्याला बसूही दिलं नाही. तरातरा बाहेर नेलं, पेरूचे क्रेट भरत उभ्या असलेल्या टेम्पोच्या आडोशाला.

"खरं सांगा. आमच्या पेटीचं बटण दाबलं नाही, तरी साहेबांना आमचं बोलणं ऐकू जातं?"

सम्राटचं हसू मावळलं. तो जमिनीकडं बघत राहिला.

"जातं," शेवटी तो म्हणाला. "साहेबांनी तसंच मागितलं होतं. त्यांच्याकडं एक बटण आहे. कुणाला सांगू नका म्हणाले... मोठ्या कंपन्यांत असतं तसलं. मला वाटलं, कामापुरतं वापरतील."

"म्हणजे माझ्या टेबलाखाली बसून, माझ्याशी हसत हसत, तुम्ही आमच्यावर कान बसवत होतात!"

"यंत्राला काय कळतं वृषाली... ते तर—"

"यंत्राला कळत नाही. बसवणाऱ्याला कळतं ना?"

मग तिनं श्वास घेतला आणि मनात सलत होतं ते विचारलं, "तुम्हीही ऐकलंत? मला?"

"एकदा... तपासताना. तुम्ही गुणगुणत होतात. मी लगेच बंद केलं." तो थांबला. "लगेच नाही... थोड्या वेळानं."

वृषालीचे गाल तापले, रागानं की कशानं ते तिलाही कळेना. "ते माझं होतं. माझ्यापुरतं. तुम्हाला ऐकायचं होतं तर विचारायचं होतंत."

"चुकलं माझं. आजच्या आज वायर तोडून टाकतो, कुणाला कळणारही नाही."

"गुपचूप बसवलीत, आता गुपचूप तोडणार? मग मी चुगली केली नाही हे रुपालीला कोण सांगणार? सगळ्यांसमोर बोलाल, साहेबांच्या देखत?"

तो घुटमळला. "दुकान मामांचं आहे... साहेबांच्या ओळखीवर तालुक्यातली कामं मिळतात..."

"राहू द्या," वृषाली म्हणाली. आणि मागं वळून न बघता आत गेली.

त्या रात्री घरी भाकरी थापतानाही तिचे हात जोरात चालत होते. आईनं दोनदा विचारलं, "काय झालं गं?" तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली. पण मनात पक्कं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं आपला डबा उचलला आणि सरळ रुपालीच्या टेबलावर नेऊन ठेवला. रुपालीनं मान वळवली. छबूबाई श्वास रोखून बघू लागल्या. वृषालीनं आपल्या टेबलावरची पेटी वायर न तोडता जपून ओढून घेतली, दोघींच्या मध्ये ठेवली आणि तिच्या जाळीशी तोंड नेऊन शांतपणे म्हणाली,

"साहेब, माझी मैत्रीण माझ्याशी बोलत नाही. तिला वाटतं, नाशिकचं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही ऐकत असाल, तर बाहेर येऊन खरं काय ते सांगा."

रुपाली डोळे फाडून बघत राहिली. "अगं, डब्याशी काय बोलतेस? येड लागलं का?"

कुणी हललं नाही. वृषाली केबिनच्या दाराकडं बघत राहिली. साहेब ऐकत नसले तर? ऐकत असूनही आले नाहीत तर? उद्यापासून नोकरी...

केबिनचं दार करकरलं.

कडलग साहेब दारात उभे होते, कान लालबुंद, चष्मा हातात. रुपालीनं त्यांच्याकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं, आणि तिच्या तोंडून एवढंच निघालं, "अगं बाई!"

"वृषाली मॅडमनी मला काही सांगितलेलं नाही," साहेब म्हणाले. त्यांनी पेटीकडं बोट केलं. "मी... ऐकलं."

"आन् मी साहेबाला खडूस म्हन्ले, ते बी?" छबूबाईंनी तोंडावर पदर धरला.

"तेही."

तेवढ्यात बाहेरच्या दारातून कुणीतरी म्हणालं, "तो कान मी बसवला."

सम्राट होता. धापा टाकत, कालचाच शर्ट, चुरगळलेला. तो आत आला आणि सगळ्यांकडं बघत म्हणाला, "बसवला त्याच दिवशी तुम्हाला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. साहेब, पुढची कामं नाही दिलीत तरी चालेल. मामांनाही सकाळी तसंच सांगून आलोय. पण हे बटण आता सगळ्यांच्या देखत काढणार."

वृषालीनं त्याच्याकडं बघितलं. उशिरा का होईना... आला होता.

कडलग साहेब मोकळ्या बाकावर टेकले. "काढा," ते म्हणाले. "आधी कामचुकारपणा होतोय का, तेवढंच बघायचं होतं. मग सवय लागली. तुम्ही जेवता, हसता... केबिनमध्ये माणसाचा आवाज नसतो. घरीही नसतो. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली."

वृषालीचा राग पुरता गेला नव्हता. पण तिनं स्टुलावरची फाइल उचलून साहेबांसाठी टेबलाजवळ जागा केली.

"मग बाहेर येऊन बसायचं, साहेब. आमचं हसणं ऐकायला बटण लागत नाही. मात्र दोघी कुजबुजत असलो, तर ते दोघींचंच."

"कबूल," साहेब म्हणाले. मग रुपालीकडं वळले. "नाशिकला बोलावणं आलं तर जा. शिफारस मी लिहीन. तुमची माफी मागतो."

रुपालीनं मान हलवली. मग वृषालीच्या डब्यातली वांग्याची भाजी न विचारता आपल्या पोळीवर ओढून घेतली. डोळे पुसत म्हणाली, "मीठ कमी आहे गं." वृषालीला त्याहून गोड माफी नको होती.

"साहेब, ठेचा खातासा का?" छबूबाईंनी विचारलं. "खडूस मानसाला झेपंल का न्हाई, ठावं न्हाई." आणि कडलग साहेब चक्क हसले.

संध्याकाळी सम्राट काम संपवून निघाला तेव्हा वृषाली रस्त्याच्या कडेला उभी होती. दोघं स्टँडच्या दिशेनं चालू लागले. ऊन सोनेरी झालं होतं, हवेत गारवा होता. तो मध्येच थांबला.

"मला काही सांगायचंय..."

वृषालीनं आजूबाजूला पाहिलं. पानटपरीवर गर्दी, सायकलवाले, बाजारातून परतणाऱ्या बाया. "इथं नको. सगळं राहातं ऐकतंय."

ती पाटाच्या कडेच्या पायवाटेनं वळली. दोन्ही बाजूंना पेरूच्या बागा, मधून संथ पाणी. मैलभर माणूस नाही. आणि तिथं पोचल्यावर मात्र सम्राटला एक शब्द सुचेना!

"बोला की," ती म्हणाली.

"काल तुम्ही आत गेलात ना... रात्रभर झोप नाही लागली. काम जाईल म्हणून नाही. तुम्ही परत कधी माझ्याशी हसणार नाही म्हणून." त्यानं हाताला लागलेलं पेरूचं पान तोडलं. "रविवारी तुमच्या घरी येऊ का? तुमच्या वडिलांना भेटायला?"

"अण्णांना काय विचारणार?"

"तुम्हाला... म्हणजे तुमचा हात..."

"आधी मला विचारा. मग अण्णांना."

तो वळला, तिच्यासमोर उभा राहिला. "वृषाली, माझ्याशी लग्न कराल?"

तिनं पाण्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "माझं मनातलं मी सांगेन तेव्हाच ऐकायचं. न सांगितलेलं शोधत बसायचं नाही. जमेल?"

"जमेल. आणि माझं?"

"तुमचं तर तोंडावरच दिसतं!"

तो हसला. तीही हसली... आणि या वेळी हसू दाबायचं तिला सुचलंच नाही.

"मग हो," ती म्हणाली.

लांब स्टँडवरून श्रीरामपूरची गाडी हॉर्न वाजवत निघून गेली. दोघांनीही ऐकलं, पण कुणी पाऊल उचललं नाही. पुढची गाडी तासाभरानं होती. दोघांनाही ती फार लवकर वाटली.