देवघरातले घुंगरू

खंडेनवमीचा पाट मांडला, श्रीपादच्या लॅपटॉपला, माईंच्या शिवणाच्या कात्रीला हळदकुंकू लागलं... आणि अलकाच्या काळजात धस्स झालं. देवघरातून तिचे घुंगरू नाहीसे झाले होते!

लग्न होऊन माधव नगर वस्तीतल्या या घरात आली, तेव्हा तिने आपल्याच हातांनी ते देवापाशी ठेवले होते आणि पुन्हा कधी पायांत बांधले नव्हते. पण आता, इतक्या वर्षांनी, अमृताने, तिच्या कथकच्या मैत्रिणीने, नृत्यावरच्या सिनेमात तिला हट्टाने बोलावलं होतं. दुपारी गाडी येणार. मग तीन महिने भोपाळ! "घरात काय कमी आहे तुला?" एवढंच तिचा नवरा श्रीपाद बोलला होता. सासूबाईंनी, माईंनी तर तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, आणि तेच अलकाला डाचत होतं.

त्यात माईंचं हे वागणं! गेले काही दिवस दुपारभर खोलीचं दार आतून बंद. भाजीला म्हणून टावर चौकात जायच्या नि रिकाम्या पिशवीने परत यायच्या. अलकाची चाहूल लागली की मांडीवरचं काहीबाही पदराखाली सरकवायच्या. अस्सं होय! घुंगरूच मोडीत घातले, म्हणजे सून जाते कुठे!

"माई, विकलेत ना माझे घुंगरू?" तिला हुंदका आवरेना. "नुसतं 'जाऊ नकोस' म्हणाला असतात, तरी मी राहिले असते हो!"

माईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी पलंगाखालून डबा ओढला. आत घुंगरू होते... घासून लख्ख, नव्या दोरीत गुंफलेले!

"पुसायला उचलले, तर दोरी हातातच तुटली गं. दर खंडेनवमीला दूध-पाणी घालायचे ना मी... पुजून पुजून मीच कुजवली! तुला कोणत्या तोंडाने सांगू? पूरा बाजार पालथा घातला, तेव्हा पक्की दोरी मिळाली."

अलकाचं लक्ष आत्ता त्यांच्या बोटांकडे गेलं. गाठी मारून मारून सोलून निघाली होती बिचारी! आणि आपण... आपण काय बोलून बसलो!

माई खाली बसल्या. "पाय पुढे कर."

"माई, अहो, माझ्या पायांना हात...?"

"रहने दे! देवापाशी ठेवले हेच चुकलं आपलं."

दारात उभा असलेला श्रीपाद माळ्यावरची बॅग काढायला वळला.

शेवटची गाठ मारून माईंनी भीत भीत वर पाहिलं. "नीट वाजतात ना गं?"

अलकाने डोळे पुसले आणि फरशीवर पाय आपटला.