घरी गेलेला मुलगा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच हसलात तर मी उठून जाईन. बावीस वर्षं मी स्काऊट मास्तर होतो. शेकोटीभोवती कुणी भुताच्या गोष्टी सुरू केल्या की कान धरून त्याला भांडी घासायला बसवायचो.

एक्याऐंशी सालचा डिसेंबर. बदलापूरच्या आमच्या शाळेतली तेरा पोरं घेऊन चंदेरी किल्ल्याच्या अलीकडच्या डोंगरात शनिवार-रविवारचा कॅम्प नेला होता. शनिवार झकास गेला. पोरांनी खिचडी करपवली आणि मिटक्या मारत खाल्ली. रविवारी सकाळी मागखुणांचा खेळ होता. एकाने पुढे जायचं, दगडांवर खडूने खुणा करत. बाकीच्यांनी अर्ध्या तासाने त्या खुणा वाचत मागून निघायचं. बाण म्हणजे इकडून या. फुली म्हणजे ही वाट नाही. आणि गोल काढून मधोमध ठिपका दिला, की त्याचा अर्थ 'मी घरी गेलो'. तिथे शोध थांबवायचा.

पुढे पाठवला अनंताला. कात्रपच्या मोतीबाईचा हा मुलगा, बारा वर्षांचा, टोळीत सगळ्यात चलाख. बाप वारलेला, घरात आई, हा आणि पाच वर्षांची बहीण तुळशी. मोतीबाई त्याला सोडायलाच तयार नव्हती. मीच तिच्या ओट्यावर बसून म्हटलं होतं, "नेतोय तसा आणून देतो, बाई."

आम्ही निघालो तेव्हा धुकं इतकं, की पुढच्या पोराची पाठ दिसेना. ओल्या गवताचा आणि कुठल्यातरी जळक्या लाकडाचा वास येत होता. बाण मात्र चोख काढले होते. अकरा बाण मोजले. मग वाट फुटते तिथल्या काळ्या कातळावर गोल दिसला. मधोमध ठिपका. पोरं खूश झाली. मी म्हटलं, गाढव खेळ अर्धा टाकून घरी पळालं वाटतं. वरच्या अंगाला शिट्टी वाजल्यासारखी वाटली. मी थांबलो.

"सर, पक्षी असंल," एक पोरगा म्हणाला.

मलाही ते पटलं. खूण मीच शिकवलेली. तिच्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कशावर ठेवायचा? पोरांना घेऊन मी डोंगर उतरलो. या एका गोष्टीसाठी मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

संध्याकाळी तडक कात्रपला गेलो. मोतीबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"अनंता आलाय का?"

"कवाच आयलाय. आतमदी तुलशीबरोबर बसलाय."

दारातून डोकावलो. चुलीजवळ पाठमोरा बसला होता. खाकी शर्ट, गळ्यात स्काऊटचा स्कार्फ, तुळशीचा हात हातात. "काय रे, न सांगता पळतोस?" म्हटलं. वळला नाही. लाजला असेल, असं समजून मी अंबरनाथला घरी आलो आणि शांत झोपलो.

मंगळवारी सकाळी त्या डोंगरातल्या ठाकूरवाडीचा सुकऱ्या शाळेच्या फाटकात उभा.

"गुरुजी, तुमचा पोर आमचे घरी हाय. पाय मोडलाय त्याचा."

"कुठला पोर?"

"अनंता नाव सांगतो. कालच्याला माझी बायको नवसी जळणाची फाटी आणाया गेली, तिला घळीत गावला."

मी तसाच त्याच्याबरोबर निघालो. वाडीवर पोचलो तेव्हा अनंता सुकऱ्याच्या झोपडीत पडलेला, पायाला बांबूच्या पट्ट्या बांधलेल्या, ओठ फुटलेले. मला पाहिलं आणि रडायलाच लागला.

"सर, मी शिट्टी वाजवत होतो... तुमचे सगळ्यांचे आवाज खालून जाताना ऐकू आले... मी हाका मारल्या, सर."

"अरे, पण तू गोल काढलास ना? घरी गेलो म्हणून?"

"बाण काढले, सर. अकरा. मग घसरलो. गोल नाय काढला मी."

त्याला बैलगाडीत घालून निघालो. वाटभर तो आईबद्दल, तुळशीबद्दल विचारत होता. मी हूं हूं करत होतो. परवा चुलीशी कोण बसलं होतं, हे याला कसं विचारायचं?

कात्रपला त्याला पाठुंगळी घेऊन दारात उभा राहिलो. मोतीबाईने दार फटीएवढं उघडलं. लेकाला पाहिलं. तिने हात पुढे केला, त्याच्या गालावरून, कानामागून फिरवला, आणि तोंडात पदर कोंबला. मग अगदी हळू म्हणाली, "याला घेऊन जावा, सर."

"बाई, हा तुमचा अनंता..."

"मना ठाव हाय. पन आतला तुलशीचा हात सोडीत नाय... परवापासून सोडीत नाय. बोलतो, मीच एकला पोर या घरान. दुसरा आयला तं हिला घेऊन जाईन..."

आतून आवाज आला. अनंताचाच आवाज. माझ्या पाठीवर अनंताचं अंग ताठ झालं.

"आये, कोन हाय गं?"

मोतीबाईने माझ्याकडे पाहिलं. अशी नजर मी पुन्हा कुणाची पाहिली नाही.

"कोनी नाय, बाला," ती म्हणाली, आणि दार लावलं.

तुम्ही म्हणाल, दार मोडून आत शिरायचं. त्या पाच वर्षांच्या पोरीचा हात तुमच्या डोळ्यांसमोर असता, तर शिरला असता का, सांगा. मी अनंताला माझ्या घरी आणलं. पोरगा सरांकडे शिकायला असतो, असं तिने गावात सांगितलं. तो माझ्याकडेच वाढला, कंपनीत लागला. आईचं नाव काढलं की उठून बाहेर जातो.

दर दिवाळीला मोतीबाई त्याला शर्ट पाठवते. उल्हासनगरला कॅम्प तीनमधला हरिचंद्र शिंपी तो शिवतो. शाळेचे गणवेशही तोच शिवायचा, म्हणून माझ्या ओळखीचा. एकदा तो सहज म्हणाला, "मास्तर, बाई एकाच कापडाचे दोन शर्ट शिवून घेते. एकाचं माप दरसाल वाढतं. दुसरा आपला तोच, बारा वर्षांच्या पोराचा."

सतरा वर्षं हे असं चाललं. या वैशाखात तुळशीचं लग्न झालं, सासरी गेली. काल हरिचंद्राकडून शर्ट आणायला गेलो, तर पुडक्यात एकच.

"बाई म्हणाली, छोटा आता नको," तो म्हणाला. "घर सोडून गेला म्हणे. कुठे, ते तिलाही ठाऊक नाही."

अनंताला मी अजून सांगितलेलं नाही. कालपासून मी दिवसासुद्धा दाराला कडी घालून बसतो. आज दुपारी तो जेवून झोपला होता, आणि ओट्यावरून त्याच्याच लहानपणच्या आवाजात कुणीतरी विचारलं, "सर, अनंता हाय का घरान?"