पडवीत राहिलेलं प्रस्थान

बापूसाहेब हॉलंडला गेले ते दूध संघाचे संचालक म्हणून. पंधरा दिवसांचा अभ्यास दौरा होता. तिकडच्या गाई बघून इकडच्या गाईंना काय फायदा, हे विचारायचं धाडस सभेत कुणी केलं नाही. विमान मात्र नेमकं अवसेचं निघालं. समुद्रापार जायचं आणि तेही अवसेला, म्हटल्यावर त्यांच्या बायकोचा, तुळजाबाईचा, जीव थाऱ्यावर राहीना. मग जुन्या रीतीनं तोड काढली आणि तीन दिवस आधी, चांगली वेळ बघून, प्रस्थान ठेवलं.

ही रीत आता फारशी कुणी पाळत नाही. मुहूर्तावर माणसाला निघता येत नसेल तर त्याच्या अंगावरचा एक कपडा, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड असं फडक्यात बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. माणूस निघाला, असं धरायचं. खरं निघताना ते गाठोडं उचलायचं आणि तिथूनच पुढची वाट धरायची. माघारी घरी ते आणायचं नाही. रोजच्या वापरातली एखादी वस्तूही त्यात घालतात. बापूसाहेबांनी दौऱ्यासाठी परदेशात चालणारा नवा मोबाईल घेतला होता, नव्या नंबराचा. जुना त्यांनी हसत हसत गाठोड्यात टाकला. ‘‘सात वर्सं कानाला हुता. ह्याच्याइतकं अंगाचं दुसरं काय हाय माज्याकडं?’’ म्हणाले. गाठोडं बांधापलीकडच्या चुलतभावाच्या, रखमाजीच्या, पडवीत खुंटीला टांगलं.

निघायच्या पहाटे जीप आली. बाकीचे संचालक आत बसून हॉर्न वाजवत होते, आणि हॉर्न वाजला की शहाण्या माणसालाही घाई सुटते. बापूसाहेब चढले, जीप शिक्रापूरच्या रस्त्याला लागली, आणि गाठोडं राहिलं. तुळजाबाईला ते आठवलं दुपारी, भाकरी थापताना. तेव्हा काय करणार? ‘‘हल्लीच्या काळात काय हुतंय,’’ असं स्वतःलाच सांगून तिनं भाकरी तव्यावर टाकली.

तळेगाव ढमढेऱ्यापासून दीड कोसावर, मळ्यात त्यांचं घर. तीन अंगांनी डोक्याच्या वर गेलेला ऊस, चौथ्या अंगाला गाडीवाट. मुलगा सत्यजीत नोकरीपायी दौंडला. सून अनिता एक दिवस येऊन सासूला मोबाईल शिकवून गेली होती. ‘‘आत्याबाई, घंटी वाजली की नवा नंबर, हॉलंड. बासरी वाजली की जुना.’’ जुना आता वाजायचाच नव्हता, पण तिनं तो पुसला नव्हता.

घंटी दिवसाआड वाजायची. ‘‘पोचलो. बरा हाय. ठेव, रोमिंग चालू हाय.’’ संपलं. तुळजाबाई बंद फोन थोडा वेळ कानाला तसाच धरून ठेवायची. खरं तर बापूसाहेब घरी असतानाही याहून जास्त बोलत नसत. सगळं बोलणं संघात सांडून यायचे.

बासरी वाजली पाचव्या दिवशी, दुपारी तीनला. बाहेर पान हलत नव्हतं.

‘‘तुळजा.’’

‘‘अहो, ह्या नंबरावनं कसं काय?’’

‘‘जेवलीस का?’’

तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिनं पहिल्यांदा ऐकला. ती भिंतीला टेकून खालीच बसली. ‘‘जेवले,’’ म्हणाली. ‘‘तुमी कुठं हाय?’’

‘‘पडवीत बसलोय. सगळी गेली. कुणी न्यायला आलंच न्हाई.’’

तिला वाटलं, हॉलंडातही पडव्या असतील, आणि बाकीचे यांना सोडून गाई बघायला गेले असतील. तिला त्यांचा रागच आला. बापूसाहेब अर्धा तास बोलले. लग्नात तिची बांगडी फुटून त्यांच्या मनगटाला लागली होती ते. सत्यजीतच्या वेळी ती ससूनमध्ये असताना ते बाहेर जिन्यावर बसून रडले होते ते. हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. आवाजामागं कडबाकुट्टीची खडखड येत होती आणि एक शेळी ओरडत होती. तिकडंही शेळ्या असणारच, असं तिनं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी घंटी वाजली.

‘‘काल न्यायला आली का मग कुणी? पडवीत बसला हुता ते?’’

‘‘कसली पडवी? हाटेलात धाव्या मजल्यावर हाय मी.’’ मग खालच्या आवाजात, ‘‘झोप न्हाई बघ लागत. आल्यागतच वाटंना. अर्धा तिकडंच ऱ्हायल्यागत… ठेव, बिल चढतंय.’’

तुळजाबाईनं हे कुणाला सांगितलं नाही. कारण बासरी रोज वाजत होती, रोज दुपारी तीनला, आणि पावणेतीनपासून ती फोनपाशी बसत होती. मनात कळत होतं. कळलेलं कबूल करायचं नव्हतं. मात्र दिवसाआडच्या घंटीवरचा आवाज दर खेपेला खोल जात होता. बाराव्या दिवशी बापूसाहेबांना तिचं नाव पटकन आठवलं नाही. ‘‘अगं… ही…’’ म्हणाले. त्या दिवशी मात्र ती उठली आणि ताकाचा तांब्या घेऊन रखमाजीकडं गेली.

रखमाजीची बायको कस्तुराबाई तिची थोरली जाऊ. तिनं ताक घेतलं, आणि न विचारताच पडवीकडं बोट केलं.

‘‘तुजीच वाट बघत हुते. ने बाई ते.’’

‘‘का, आक्का? मोबाईल वाजतोय का त्यातला?’’

‘‘वाजतोय कशाचा? तो दुसऱ्याच दिशी मेला. पर आमची शेळी तिथं बांधली की दावं तोडून पळती. आमचं मालक बी पडवीत निजंनात.’’ तिनं आवाज उतरवला. ‘‘हे बग, शिवंपल्याड ने आन् नदीत सोड. वल्या वाटंनं त्याचं ते जाईल. घरी न्हेऊ नगंस. प्रस्थान घरी फिरलं की गेलेलं माणूस माघारी येत न्हाई. आलं तरी धड येत न्हाई.’’

तुळजाबाईनं गाठोडं काढलं. मूठभर तांदळाचं ते वजन नव्हतं. वर हात लावला तर फडकं कोमट होतं, अंगावरून आत्ता काढल्यासारखं. तिनं ते कडेला घेतलं आणि नदीची वाट धरली.

दिवस कलला होता. दोन्हीकडं ऊस, मध्ये बैलगाडीपुरती वाट. पाचटाचा वाळका वास आणि त्यात मिसळलेला, ओळखीचा, बापूसाहेबांच्या तंबाखूचा वास. निम्म्या वाटेवर तिच्या पिशवीत बासरी वाजली. गाठोड्यातला फोन बंद, थंड होता. तिनं चाचपून बघितला. बासरी वाजतच राहिली.

‘‘कुठं न्हेतीस?’’

‘‘…नदीवर.’’

‘‘मला पवता येत न्हाई, तुळजा.’’

ती चालता चालता थबकली.

‘‘पुढं जाता येत न्हाई. मागं फिरता येत न्हाई. एका खुटीला किती दिस बसायचं माणसानं? मी काय वाकडं केलं? मी तर मुहूर्तावर निगालो हुतो… घरी ने. तुज्या पाया पडतो.’’

ज्या माणसानं तीस वर्षांत पाण्याचा तांब्यासुद्धा नीट शब्दांत मागितला नव्हता, तो पाया पडतो म्हणाला. तुळजाबाई वाटेतच उभी राहून रडली. कस्तुराबाईचं सगळं सांगणं तिला पाठ होतं. हेही कळत होतं, की पुढं नदी अर्ध्या कोसावर आहे आणि आत्ता पाय उचलला तर सगळं निभेल. ती माघारी वळली.

घर येईतो गाठोडं इतकं जड झालं, की उंबऱ्यातून तिला ते दोन्ही हातांनी आत घ्यावं लागलं. मधल्या खोलीतल्या बाजेवर ठेवलं. देवापाशी दिवा लावला. चुलीवर सवयीनं चहाचं आधण ठेवलं, आणि मग लक्षात आलं की दोन कपांचं ठेवलंय.

मधल्या खोलीत बाज करकरली. कूस बदलल्याची करकर. मग खोकला, तंबाखूचा, घशातला.

एक क्षण, खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. लगेच ती चुलीपासून मागं सरकली. तेवढ्यात घंटी वाजली.

‘‘वहिनी, मी हौसराव.’’ हे बापूसाहेबांबरोबर गेलेले संचालक, खोलीचे जोडीदार. ‘‘घाबरू नका, पर… बापूसाहेब घावंनात. दार आतनं बंद हुतं. हाटेलवाल्यानं उघडलं, तर चष्मा, पायताण, पासपोर्ट, ह्यो फोन, समदं जागच्या जागी. निस्ती गादी गरम हाय. तुमाला काय बोलले हुते का?’’

‘‘कवापासनं?’’

‘‘अर्धा तास झाला आसंल.’’

अर्ध्या तासापूर्वी ती उंबरा ओलांडत होती. तिनं दाराकडं बघितलं. बाहेरचं दार सताड उघडं होतं. चार पावलं टाकली की वाट, वाटेनं पळालं की रखमाजीचं घर.

‘‘थांबा… थांबा वहिनी. आले बघा. जिन्यातनं वर आले. अनवाणीच हायेत. देतो त्यास्नी.’’

दूरवर कुणीतरी धापा टाकत होतं.

‘‘तुळजा,’’ बापूसाहेब म्हणाले. नाव बरोबर घेतलं. आवाज एवढासा. ‘‘लय दमलो गं. कुठं गेलतो ठावं न्हाई. निसता ऊस दिसत हुता… रविवारचं विमान हाय. येतो मी. रविवारी येतो.’’

‘‘या,’’ ती म्हणाली. ‘‘लवकर या.’’

मधल्या खोलीत पुन्हा खोकला झाला. या वेळी उभं राहून खोकल्यासारखा.

फोनवरची धाप थांबली.

‘‘तुळजा… घरात कोण खोकतंय?’’

पहिल्यांदाच बापूसाहेब ‘ठेव’ म्हणत नव्हते. ‘‘कोण हाय घरात? सांग मला. कोण हाय?’’ असं ते पुनःपुन्हा विचारत होते, हजारो कोसांवरून, अनवाणी.

तिच्या कानामागं, अगदी जवळ, तोच आवाज मायेनं म्हणाला, ‘‘सांग, कुणी न्हाई म्हणून.’’

खरं सांगायला तिनं तोंड उघडलं. खरंच उघडलं.

‘‘कुणी न्हाई,’’ तुळजाबाई म्हणाली.

आणि तिच्या पाठीमागं कुणीतरी बाहेरचं दार हलकेच लोटून आतून कडी घातली.